दुसऱ्यांच्या वाटणीचा चहा

माझ्या नोकरीत मला दुसऱ्यांच्या वाटणीचा चहा प्यावा लागायचा.

कुणी विचारलं, "वनिता, तू कामाला कुठं होतीस?" तर मी सांगते, "अंजूरफाट्याला, एका घरी स्वयंपाकाला." ते खोटं नाही. पण त्या कामात स्वयंपाक थोडा आणि चहाच जास्त होता. राहनाळ, दापोडे, पार पडघ्यापर्यंत जाऊन मी चहा प्यायले, आणि त्याचा मला पगार मिळाला. असं काम दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते. तोंडानं सांगायला गेले तर दुसऱ्या वाक्याला माझा आवाज पदरात शिरतो. लिहिताना तेवढं होत नाही.

मी वळ गावात राहते. शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा लांब होती, आणि वाटेत कुणी नाव विचारलं तरी मला रडू यायचं, म्हणून घरच्यांनी फार जोर केला नाही. वाचायची सवय मात्र राहिली. वाण्याच्या पुडीचा कागदही मी वाचून मगच चुलीत घालते. आमचे हे दापोड्याला एका गोडाऊनवर वॉचमन आहेत. त्यांनाच कुणीतरी सांगितलं की परदेशातून एक म्हातारं जोडपं आलंय, त्यांना घरकामाला बाई हवी आहे. हे म्हणाले, "तिथं जा. त्यांना मराठी येत न्हाय, तुला बोलता येत न्हाय. बरं जमेल."

जोडपं फिजी बेटांवरचं होतं. त्यांचे पूर्वज कधीकाळी आपल्या देशातून तिथं ऊस तोडायला गेले, ते तिथलेच झाले. काका बस चालवायचे, काकी शिवणकाम करायच्या. दोघं ख्रिस्ती. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अशी पद्धत आहे की म्हातारपणी नवरा-बायकोनं जोडीनं काही काळ दुसऱ्या देशात जायचं आणि तिथल्या मंडळीच्या उपयोगी पडायचं. भिवंडीत त्यांची मंडळी लहानशी. कल्याण नाक्याजवळ एका इमारतीत पहिल्या मजल्यावर भाड्याची खोली, तिथं रविवारी सकाळी प्रार्थना. एके काळी म्हणे खोली भरायची. मग माणसं सुटत गेली. सुटलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांची विचारपूस करायची, एवढंच काका-काकींचं काम होतं. नवं कुणाला आणायचं नाही.

आता त्यांच्या मंडळीत दारू, तंबाखू चालत नाही, ते ठीक आहे. पण चहासुद्धा चालत नाही! आणि हे दोघं निघाले होते भिवंडीत लोकांच्या घरी जायला.

पहिल्या भेटीला काकींनी मला फक्त रस्ता विचारायला सोबत घेतलं. त्यांची हिंदी आपल्यासारखी नाही. उत्तरेकडच्या खेड्यातली जुनी बोली, तिला समुद्राचं वारं लागलेलं. राहनाळच्या त्या घरातल्या वहिनींनी आम्हाला बसवलं, आणि तीन कप चहा पुढं केला. काका हात जोडून म्हणाले, "नई बहिनी, चाय हम लोग के मना है. पानी पिएगा."

वहिनींचा चेहरा उतरला. "म्हंजे? आमच्या घरची चाय चालत न्हाय?"

"चाय नई पिएगा, पानी पिएगा," काकी हसून म्हणाल्या.

"पानी तर आम्ही दारातल्या कुत्र्यालाबी देतो," वहिनी मला म्हणाल्या. माझ्याकडंच बघत होत्या. मी माझा कप प्यायले, मग काकांचा उचलला, मग काकींचा. तिसऱ्यावर साय धरली होती, तीही गिळली. वहिनी बघत राहिल्या आणि एकदम खो खो हसल्या. "काय गो बाय, घरी देत न्हाईत का तुला?" हसल्यावर त्या बसल्या, बसल्यावर बोलल्या, आणि बोलता बोलता दोन वर्षांत रविवारी का गेलो नाही तेही त्यांनीच सांगितलं. रिक्षात काकींनी माझा हात धरला. "वनिता, आज तुम हम लोग के बचाए लिया."

त्या दिवसापासून पोळ्या-भाजी सकाळी आणि चहा दुपारनंतर, अशी माझी ड्युटी लागली.

या कामाची एक रीत असते. दारात आधी चपला बघायच्या. माणूस घरात आहे की नाही ते चपला सांगतात, बाकीचे काहीही सांगोत. "प्रार्थनेला का येत नाही?" हे कधीच विचारायचं नाही. "कसे आहात?" एवढंच. काका नेहमी दाराकडं तोंड करून बसायचे, म्हणजे घरच्या बायकांना आत-बाहेर करता येतं. घरच्यांनी म्हटलं तरच प्रार्थना करायची, तीही लहान. आणि मी मधे बसायचं. काका कोपरानं त्यांचा कप माझ्याकडं सरकवायचे, काकी त्यांचा. दोन्ही बाजूंनी चहा चालून यायचा.

चहावरून घर कळतं, हे मला तेव्हा समजलं. ज्यांना आम्हाला लवकर घालवायचं असायचं त्यांचा चहा अर्धा कप आणि कोमट. ज्यांना लाज वाटत असायची त्यांच्या चहात साखर फार. आणि आतून आलं ठेचल्याचा आवाज आला की मी काकींना डोळ्यानं खुणवायची, आता सावकाश बसा, या बाईला बोलायचंय. आलं ठेचायला उगाच कुणी घेत नाही.

शेजारचे डोकवायचे. "हे कोन? धरम बदलायला आलेत काय?" काकी म्हणायच्या, "नई भइया, पुराना लोग के हालचाल पूछे आवा." पण लोकांना खरी खात्री पटायची ती माझ्या कपाळावरची टिकली आणि गळ्यातलं मंगळसूत्र बघून. ही बाई यांच्यात बसून इतका चहा पिते आणि हिचा धरम जागच्या जागी आहे, तर घाबरण्यासारखं काही नसावं!

घरी सासूबाई वाट बघत असायच्या. "आज कोनाकोनाच्या घरची चाय पिऊन आलीस?" मी सांगायची. काही घरांची नावं ऐकून त्या आधी नाक मुरडायच्या. महिनाभरानं त्याच विचारायला लागल्या, "त्या पडघ्यावालीकडं न्हाय गेलीस? तिची चाय बरी असते म्हनलीस ना?"

पडघ्याची मार्थाआजी. तिच्या सुनेकडं म्हशीच्या दुधाचा घट्ट चहा, तो तिसऱ्या कपालाही जड वाटायचा नाही. आजीनं काकींना पहिल्याच भेटीत सांगितलं, "प्रार्थना मागाहून. आधी माझ्या पायाची नखं काढा. सुनेला वेळ नाही आणि मला वाकता येत नाही." काकी शिवणकामवाल्या, पिशवीत कात्री कायमच. त्यांनी आजीचे पाय मांडीवर घेतले. दर भेटीला नखं, मग गप्पा, मग दोन वाक्यांची प्रार्थना. निघताना आजी म्हणायची, "पुढच्या रविवारी येते. रिक्षा पाठवा." आम्ही हसायचो, कारण दर वेळी हेच. एकदा खरंच रिक्षा पाठवली, तर ती रिकामी परत आली. आजी नाशिककडं मुलीकडं गेली होती, आणि तिथूनच देवाघरी गेली. रिक्षा एक रविवार आधी पाठवायला हवी होती, असं मला अजून वाटतं. काकींनी ती कात्री बरेच दिवस वापरली नाही.

मसीहभाईंची गोष्ट वेगळी. ते गोरखपूरकडचे, कापडाच्या लूमवर कामाला. आम्ही कारखान्यात गेलो. तिथल्या खडखडाटात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, सगळे हातवारे करतात. मला ती जागा फार आवडली. सगळी माणसं माझ्यासारखीच. मसीहभाई बाहेर आले आणि काका त्यांच्या बोलीत बोलायला लागले, तसे ते कमरेवर हात ठेवून हसायलाच लागले. "अरे चाचा, आप तो हमरी आजी की तरह बोलत हो! ई बोली तो अब गाँव में भी कोई नाहीं बोलत!"

"तो रविवार के आओ ना. बैठ के बतियाएगा," काका म्हणाले.

"रात की शिफ्ट रहती है चाचा. इतवार सुबह हम जिंदा ही नहीं रहते."

काका म्हणाले, "तो आके सुत जाओ. पीछे का बेंच खाली है."

मसीहभाई खरंच आले आणि मागच्या बाकावर आडवे झाले. काकांनी त्या दिवशी सगळं बोलणं हळू आवाजात केलं. शेवटी सगळे "आमेन" म्हणाले, तसे ते दचकून उठले आणि सगळ्यांत मोठ्यानं "आमेन!" म्हणाले. पुढं ते दर आठवड्याला यायला लागले. दिवसपाळी असली तर जागे, रातपाळी असली तर आडवे.

पण काकींच्या मनात पहिल्या दिवसापासून एकच माणूस होतं. सगुणाबाई.

मंडळीतल्या एका जुन्या बाईच्या मोबाइलमध्ये काकींनी सगुणाबाईंचं गाणं ऐकलं होतं, त्याच खोलीत कधीकाळी म्हटलेलं. भरलेला, उघडा आवाज. आता त्या खोलीत गाणी लहानशा स्पीकरवर लावायचे आणि माणसं ओठ हलवायची. काकी म्हणायच्या, "जाए के पहिले एक दफे ई आवाज ई कमरा में सुने मांगता." त्यांचं परत जायचं ठरलं होतं, नाताळ झाला की. दिवाळी उलटली तरी सगुणाबाईंचं काही जमत नव्हतं.

सगुणाबाईंची दापोड्याला गोडाऊनच्या वळणावर चहाची टपरी. आधी ती त्यांचे यजमान चालवायचे. ते वारले, तशा या उभ्या राहिल्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी लांबूनच विचारलं, "किती कटिंग?"

काका म्हणाले, "चाय नई पिएगा बहिनी. खाली मिले आवा."

"चाय न पिणारी माणसं या वळणावर उभी राहिली म्हणजे कुठून आलीत ते मला कळतं," सगुणाबाई मला म्हणाल्या. "बसायला सांग त्यांना. गिऱ्हाईक आलं की उठायला लागेल." आणि वळून टोप घासायला लागल्या.

आम्ही जात राहिलो. मी फळीवर बसून तीन कटिंग प्यायची, काकी खारी खायच्या, काका येणाऱ्या कंटेनरवाल्यांना हात दाखवून मागं घ्यायला मदत करायचे, कारण बस चालवलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. सगुणाबाई पाण्याचे दोन ग्लास भरून ठेवायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. मला त्यांचं पटायचं. आम्हा दोघींचं छान चाललं होतं, दोघीही गप्प.

एका दुपारी मी पहिला घोट घेतला तर चहा अगोड. साखर पडलीच नव्हती. दुसरी बाई असती तर बोलली असती. मी तसाच प्यायले. दुसराही प्यायले. तिसरा तोंडाला लावणार, तर मागून एक ट्रकवाला ओरडला, "अगं मौसी, साखर विसरलीस काय? चाखून तरी बघायचं!" सगुणाबाईंनी मुठीनं साखर टोपात टाकली, ढवळली, रंग बघितला, वास घेतला आणि ओतायला लागल्या. चाखला नाहीच.

आणि माझ्या तोंडून प्रश्न गेला. या नोकरीत मी स्वतःहून विचारलेला तो पहिलाच.

"बाई, तुम्ही स्वतः घेत नाही?"

"न्हाय."

"कधीच?"

"बाप्तिस्मा झाला तेव्हा सोडला." त्यांनी गाळणी आपटून रिकामी केली. "यांनी टपरी टाकली तेव्हाही घेतला न्हाय. आताही न्हाय. वासावर करते."

काकींनी विचारलं, "का बोलिस?" मी सांगितलं. काकींचा हात खारीसकट तोंडाशी थांबला. दिवसभर चहाच्या वाफेत उभी राहून थेंब तोंडाला न लावणारी ही बाई, आणि आम्ही तिला सुटलेली समजून आणायला येत होतो!

सगुणाबाई आलं ठेचायला लागल्या. टोपात तर चहा तयार होता. मी काकींना डोळ्यानं खुणवलं.

"एका रविवारी पुढं उभं राहून एक भाऊ बोलले," त्या खाली बघूनच सांगायला लागल्या, "की आपन जे पीत न्हाय ते दुसऱ्याला पाजनंही बरं न्हाय. माझ्याकडं बघून न्हाय बोलले. बघून बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. न बघता बोलले, म्हनून काहीच बोलता आलं न्हाय. मग मी गेलेच न्हाय. आता गाणं आलं तर टपरीतच गुणगुणते. पंपाच्या आवाजात कुनाला कळत न्हाय."

स्टोव्हचा पंप. मी ते ऐकलं होतं. मला वाटायचं स्टोव्हच तसा वाजतो.

मी ते काकींना हिंदीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो अब आओ."

"आता कशी येऊ? रविवारी सकाळीच कंटेनर लागतात. टपरी एक सकाळ बंद दिसली की समोरचा त्याची गाडी इथं आणून लावील. मग ही जागा गेलीच." रस्त्यापलीकडं एक तरणा चहावाला आपली गाडी पुसत आमच्याकडंच बघत होता.

काका इतका वेळ कंटेनरपाशी होते. ते आले, त्यांना सगळं सांगितलं. ते टपरीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तो रविवार के हम बैठेगा."

"तुम चाय बनाएगा?" काकींचा आवाज चढला.

"सीखेगा."

"और पूछेगा कोई, तब?"

काका म्हणाले, "पीना मना है. बनाना के बारे में हमसे कोई कुछ नई बोला."

"तो तुम किसी से पूछना मत," काकी म्हणाल्या.

सगुणाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

शनिवारी दुपारी त्यांनी काकांना शिकवलं. पाणी इतकं, दूध इतकं, पावडर इतकी. काका मान डोलवत होते. रविवारी सकाळी काकी सगुणाबाईंना रिक्षात घालून घेऊन गेल्या. सगुणाबाईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती आणि रिक्षा वळेपर्यंत त्या मागं टपरीकडंच बघत होत्या. टपरीवर काका आणि मी राहिलो.

काकांचा पहिला चहा गिऱ्हाइकांपुढं गेला. माथाडी लोकांचा एक घोळका होता, त्यांच्यातल्या एकानं घोट घेतला, ग्लास उजेडाला धरला आणि दुसऱ्याला दाखवला. "चाचा, इसमें चाय डाली है, कि खाली चाय का नाम लिया है?"

दुसरा म्हणाला, "मौसी कुठं गेली? आजारी माणसाचा चहा आहे हा!"

मी टोपात बघितलं. नुसतं पांढरं दूध, त्याला थोडी लाज वाटल्यासारखा रंग. "काका, पावडर किती डाली?"

काकांनी चमच्याचं टोक दाखवलं. मग ते हळूच म्हणाले, "वनिता, ई लोग दिन में कितना चाय पीता है! नुकसान करेगा. तो हम सोचा, जितना कम, उतना अच्छा."

माणूस चहावाला झाला होता, पण मनानं मंडळीतच होता. गिऱ्हाइकाच्या जिवाला जपून चहा करत होता! हसावं की रडावं मला कळेना, कारण तोवर घोळका रस्ता ओलांडून समोरच्या गाडीकडं निघाला होता, आणि तो तरणा चहावाला आधीच ग्लास मांडत होता. तिकडं कल्याण नाक्याला सगुणाबाई खोलीत पाय ठेवत असतील. आणि इकडं त्यांची जागा चालली होती.

मी टोप उचलून ते दूध बाजूला ओतलं. नवीन आधण ठेवलं. पावडर मुठीनं टाकली, आलं दणादण ठेचलं, साखर घातली. उकळी आली, मी चाखला, आणखी पावडर घातली, परत चाखला. हे मला येत होतं. या भागातल्या कुठल्या माणसाला कसा चहा लागतो, हे माझ्याइतकं कुणाच्या पोटात उतरलं असेल? मग मी रस्त्याच्या कडेला गेले. कंटेनर मागं येत होता, त्याचा भोंगा वाजत होता. मी तोंड उघडलं.

"ए भाऊ! माघारी फिरा! चहा आता झालाय! मौसीच्या टपरीवरचा हाय, पिऊन बघा, न्हाय आवडला तर तिकडं जा!"

माझा आवाज! भोंग्याच्या वर गेला. घोळका थांबला. एकजण परत आला, घोट घेतला, आणि बाकीच्यांना हात केला. "या रे, हा बरोबर आहे."

त्यानंतर मला उसंत मिळाली नाही. काका ग्लास विसळत होते, मी ओतत होते आणि ओरडत होते. "चार कटिंग तिकडं! ओ ड्रायव्हरभाऊ, ग्लास परत द्या! गाडी पुढं घ्या, दुकान झाकतंय!" मधेच आमचे हे गोडाऊनच्या गेटवरून चहा घ्यायला आले. येताना एक बाई ओरडतेय एवढंच त्यांना ऐकू आलं होतं. जवळ येऊन मला बघितलं आणि युनिफॉर्मची टोपी काढून हातात घेतली.

"तू हायस? मला वाटलं कुनाचं भांडन लागलंय."

"किती देऊ?" मी विचारलं.

"एक. एवढी वर्षं संसार झाला, हा आवाज कुठं ठेवला होतास?"

"तुम्ही एवढं लांब कधी उभे होता?" मी म्हटलं. काका इतके हसले की हातातला ग्लास निसटला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकींचा होता. त्यांनी तो नुसताच चालू करून धरला होता. काकांनी फोन स्टीलच्या रिकाम्या ग्लासात उभा केला, त्यानं आवाज मोठा होतो. आत गाणं चाललं होतं. स्पीकरचं नव्हतं. पहिली ओळ कापरी होती. दुसऱ्या ओळीला आवाज उघडला आणि ग्लास थरथरायला लागला.

"कोण गातंय?" माथाड्यांपैकी एकानं विचारलं.

"तुमची मौसी," मी म्हटलं.

त्यांनी तिच्या तोंडून आजवर "किती कटिंग?" एवढंच ऐकलेलं. ते ग्लास हातात धरून उभे राहिले. काका टोपाकडं तोंड करून उभे होते, पाठ आमच्याकडं. टोपात काही बघण्यासारखं नव्हतं. मी त्यांना हाक मारली नाही.

दुपारी सगुणाबाई आल्या. टपरी जागेवर होती, समोरची गाडी समोरच होती. त्यांनी मला काहीतरी विचारलं, पण घशातून नुसती हवा आली. एवढ्या वर्षांचं एका सकाळी गाऊन घसा बसला होता. मी उत्तर द्यायला गेले, तर माझाही बसलेला. आम्ही दोघी एकमेकींकडं हातवारे करत राहिलो, लूमच्या कारखान्यात करतात तसे. त्यांनी टोपावर वाकून वास घेतला, रंग बघितला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पावडर थोडी जास्त झाली असंही बोटांनी दाखवलं.

नाताळला त्या खोलीत स्पीकर लावायची गरज पडली नाही. मसीहभाईंची रातपाळी होती, पण म्हणतात ते त्या दिवशी झोपले नाहीत. मी ऐकलं नाही, मी टपरीवर होते. काका-काकी जायच्या दिवशी काकींनी माझ्या हातात ती शिवणकामाची कात्री ठेवली आणि काका म्हणाले, "वनिता, पावडर कम डालना." मी हो म्हटलं. घातली नाही कमी.

माझी नोकरी संपली असं लोक म्हणतात. रविवार सकाळची ड्युटी मात्र माझ्याकडंच आहे. सगुणाबाई निळी साडी नेसून कल्याण नाक्याला जातात, मी टपरी सांभाळते. सासूबाई म्हणतात, "देव तिचा आनि राबतेस तू." मग कधी कधी त्याच चालत चालत येतात आणि फळीवर बसून फुकट चहा पितात.

आम्ही सकाळी पाणी ठेवतो तेव्हा फिजीत दुपार उलटलेली असते. काकींचा फोन येतो, चेहरा दिसणारा. सगुणाबाई गेल्या का, एवढं आधी विचारतात. मग मी टोप दाखवते, वाफेनं समोरचं सगळं धूसर होतं आणि त्यातून काकांचा आवाज येतो, "हमार भाग के भी पी लेना."

मी तीन ग्लास भरते. फळीवर एका ओळीत ठेवते आणि एकामागून एक पिते.